कार्प-तळ्यावरचे सहा तास: भिजवलेला दाणा आणि मोजलेली खोली

शुक्रवारी रात्री जेवणं आटोपली की मी सिंकपाशी पेलेट पंप, म्हणजे माशांच्या खाद्याचे दाणे भिजवायचा पंप, घेऊन उभा राहतो. शनिवारच्या गरवण्याच्या सामन्याचं निम्मं काम इथंच उरकतं. इंग्लंडमधली कमर्शियल तळी म्हणजे खास गरवण्यासाठी खणलेली, कार्प आणि एफ-वन सोडून भरलेली खासगी तळी. एफ-वन हा कॉमन कार्प आणि क्रूशियन कार्प या माशांचा संकर. या तळ्यांत मासा शोधत फिरावं लागत नाही, तो प्रत्येक पेगपुढे, म्हणजे बसायच्या ठरलेल्या जागेपुढे, असतोच. पण आठवडाभर कुणी ना कुणी त्याला तेच दाणे खाऊ घालत असतं, त्यामुळे जरा कडक, जरा वर लटकलेला किंवा दोरीला ओढला जाणारा दाणा तो लगेच थुंकतो. महाराष्ट्रातल्या धरणांवर ज्याला सायप्रिनस म्हणतात तोच हा कॉमन कार्प. कणकेची गोळी लावून ज्यांनी गरवलंय त्यांना गोळी किती घट्ट मळायची हा प्रश्न ठाऊक आहे. इथं तोच प्रश्न ४ मिलिमीटरच्या दाण्यापुढे येतो.

गळाला लावायचे ते एक्सपांडर पेलेट. कोरडे असताना ते हवेमुळे तरंगतात, म्हणून आधी ती हवा काढायची. पंपात मूठभर दाणे घालून ते बुडतील एवढं थंड पाणी ओततो, झाकण लावून दांडा ओढतो आणि वर धरून ठेवतो. दाण्यांतून बारीक बुडबुडे निघताना दिसतात. मग हवा आत सोडली की दाणे पाणी शोषतात. असं तीन-चार वेळा केल्यावर सगळे तळाला बसतात. मऊ व्हायला ते दहा-पंधरा मिनिटं पाण्यातच ठेवतो, मग निथळून पिशवीत बांधून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी एक दाणा चिमटीत दाबून बघायचा: स्पंजासारखा दबून परत फुगला तर बरोबर. गळ टोचताना चिरला तर आत पाणी पुरेसं शिरलेलं नाही. चिमटीतच पीठ झालं तर पाण्यात जास्त वेळ राहिला, आणि तो पोलने (रीळ नसलेल्या, तुकडे जोडून लांब केलेल्या काठीने) १३ मीटरवर पोचेपर्यंत गळावर टिकत नाही.

त्याच वेळी फ्रीझरमधून माशीच्या लाल अळ्या बाहेर काढतो. त्या आठवडाभर आधी चाळून, भुसा झाडून, पिशवीतली हवा पूर्ण दाबून काढून गोठवलेल्या असतात. मेलेल्याच का? काठाजवळच्या गाळात जिवंत अळी क्षणात शिरते आणि चारा हरवतो. मेलेली जिथं पडली तिथं राहते. दुपारी काठाजवळ गरवण्यासाठी दोन पाइंट पुरतात. अळ्या इथं पाइंटावरच विकतात, एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. वितळल्या की ऊन लागू द्यायचं नाही, लगेच काळ्या पडतात. बाकी सामान थोडंच: २ मिलिमीटरचे मायक्रो पेलेट दीड लिटर, ४ आणि ६ मिलिमीटरचे कडक दाणे अर्धा-अर्धा लिटर आणि मक्याचे दोन डबे. दहा प्रकारचं आमिष आणणारे बघितलेत. दर वीस मिनिटांनी ते काहीतरी बदलत बसतात आणि माशाला एका जागी एका चवीची सवय लागतच नाही.

सकाळी तळ्यावर पोचलं की पहिलं काम नियमांची पाटी वाचायची. प्रत्येक तळ्याचे नियम वेगळे. बिनकाट्याचा गळ जवळजवळ सगळीकडे सक्तीचा. काही ठिकाणी पेलेट त्यांच्याच दुकानातले घ्यावे लागतात, आणि पकडलेले मासे वजन होईपर्यंत पाण्यात ज्या जाळ्यात ठेवतात, त्या एका जाळ्यात किती पौंड ठेवायचे याची मर्यादा असते. ती ५० पौंड, म्हणजे २२.७ किलो असेल, तर पुढचा मासा दुसऱ्या जाळ्यात. ओलांडलेलं वजन मोजत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण गर्दीत मासे गुदमरतात. जाळी बहुधा तळ्याचीच वापरावी लागतात. त्यामागे कार्पला मारणाऱ्या कोई हर्पिसव्हायरसची भीती आहे. ब्रिटनमध्ये तो सरकारला कळवावाच लागणारा रोग आहे आणि बाहेरच्या ओल्या जाळ्यातून येऊ शकतो. रॉड लायसन्स १३ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला लागतं, तळं खासगी असलं तरी. नद्यांवरची १५ मार्च ते १५ जूनची बंदी मात्र बहुतेक बंदिस्त तळ्यांना लागू नाही, म्हणून इथले सामने वर्षभर चालतात.

चिठ्ठी काढून पेग मिळाला की शिट्टीपर्यंत साधारण दीड तास असतो. त्यातली पंधरा मिनिटं मी फक्त बसण्यावर घालवतो. सीटबॉक्स सपाट, मांडी जमिनीला समांतर, पाय फूटप्लेटवर पूर्ण टेकलेले. गुडघे वर आले तर पोल मांडीवरून घसरतो आणि सहा तासांत कंबर जाते. रोलर पाठीमागे पाचेक मीटरवर, अशा उंचीला की पोल मागे सरकवताना त्याचं टोक पाण्यात बुडू नये आणि मागचे जोड जमिनीवर घासू नयेत. शेजारच्या ट्रेवर आमिष एवढ्या जवळ हवं की न बघता हात जाईल.

रिग, म्हणजे तंगूस, फ्लोट, वजनाच्या गोळ्या आणि गळ यांची तयार जोडणी, तीन लावतो. १३ मीटरवरच्या तळाच्या गरवण्याला ०.४ ग्रॅमचा, म्हणजे ४×१४ चा फ्लोट, ०.१७ मिलिमीटरचं मुख्य तंगूस, गळाजवळचा तुकडा ०.१५ चा आणि १६ नंबरचा गळ. काठाला छोटा पण दणकट फ्लोट, ०.१९ चं तंगूस, १४ नंबरचा गळ. तिसरी रिग उथळ पाण्यासाठी, तीसेक सेंटिमीटर ते अर्धा मीटर खोलीची. पोलच्या आतलं, माशाचे हिसके झेलणारं पोकळ इलॅस्टिक पहिल्या रिगसाठी १० ते १२ नंबरचं, काठासाठी १४ ते १६. फार मऊ इलॅस्टिक असलं तर मोठा कार्प तळाशीच फिरत राहतो, वर येत नाही. फार कडक असलं तर पहिल्याच हिसक्यात गळ ओठातून सुटतो. टॉप किटच्या, म्हणजे पोलच्या टोकाकडच्या तुकड्यांच्या, बाजूला पुलर (इलॅस्टिक बाहेर ओढायची सोय) असतोच. मासा धावून थांबला की तिथून इलॅस्टिक हाताने ओढून घ्यायचं, मग मऊ इलॅस्टिकवरही मोठा मासा जाळीत येतो.

वजनाच्या गोळ्यांबद्दल थोडं. ब्रिटनमध्ये ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजनं १९८७ पासून बंद आहेत, कारण हंस ती गिळून मरत होते. ८ नंबर आणि त्याहून लहान गोळ्या त्या मर्यादेत येत नाहीत. माझ्या रिगवर १० नंबरच्या, प्रत्येकी ०.०४ ग्रॅमच्या गोळ्या असतात. गळापासून २५ ते ३० सेंटिमीटरवर बहुतेक सगळ्या एकत्र आणि खाली एक-दोन सुट्या. फ्लोटचं लाल टोक पाण्यावर दोन-तीन मिलिमीटरच दिसायला हवं. जास्त दिसलं तर मासा दाणा ओढताना ते बुडवण्याचा भार त्याला जाणवतो आणि तो दाणा सोडतो.

आता खोली. घाई करणारे इथंच सामना हरतात. गळाला वजनी प्लमेट लावून पोल सरळ वर धरतो आणि तंगूस उभं खाली सोडतो. फ्लोट बुडाला तर खोली जास्त आहे, म्हणून फ्लोट वर सरकवायचा. पूर्ण उघडा पडला तर खाली. टोक जेमतेम दिसलं की ती नेमकी खोली. एवढ्यावर थांबायचं नाही. त्याच जागेच्या डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे एकेक फूट सरकून पुन्हा मोजतो. चारही बाजूंना फ्लोट सारखाच दिसला तर जागा सपाट. एका बाजूला बुडत गेला तर तिथं उतार आहे, टाकलेला दाणा घरंगळत जाणार आणि मासे पांगणार. असा उतार लागला की मी अर्धा मीटर अलीकडे येतो, तेवढ्यासाठी पोल छोटा झाला तरी चालतो. खोली ठरली की गळ टॉप किटच्या बुडाशी टेकवून, फ्लोट जिथं येईल तिथं किटवर पांढरी खूण करतो. रिग तुटली तरी दुसरी त्याच खुणेला लावता येते. वाऱ्याने पाणी ओढत असेल तर पाच सेंटिमीटर तंगूस जास्त सोडायचं, म्हणजे दाणा तळाला जरा थबकतो. एफ-वनना नेमकी खोलीच हवी, कारण त्यांची चाहूल फार हलकी असते. फ्लोट नुसता थरथरला तरी उचलावं लागतं.

शिट्टीच्या पाऊण तास आधी मायक्रो पेलेट भिजवतो. आधी चाळणीतून धूळ काढायची, नाहीतर ती पाण्यात ढग करून माशांना वर बोलावते. मग तळ्याचंच पाणी, दाण्यांवर बोटभर. दीड-दोन मिनिटांत निथळून अर्धा तास बाजूला, नंतर बोटांनी मोकळे करायचे. मुठीत दाबले तर लाडू व्हायला हवा आणि अंगठ्याने टेकवलं की फुटायला हवा. मेथड फीडरलाही, म्हणजे दाणे दाबून भरून लांब फेकायच्या वजनी साच्यालाही, हेच दाणे. पाणी कमी पडलं तर फेकतानाच गळून पडतात, जास्त झालं तर लगदा होऊन फीडरला चिकटून बसतात. फीडर तंगूसवर मोकळा सरकणारा हवा, म्हणजे तंगूस तुटलं तरी मासा ३० ग्रॅमचं वजन ओढत फिरत नाही. गळाजवळचा तुकडा १० सेंटिमीटर, दाणा रबरी बँडमध्ये. पोलची जागा बसेपर्यंत पहिला अर्धा तास मी फीडर लांब टाकून काढतो.

त्याआधी, शिट्टी होताच, १३ मीटरवर पोलला लावलेल्या मोठ्या कपाने मूठभर मायक्रो आणि त्यात थोडे ४ मिलिमीटरचे दाणे सोडलेले असतात. तिथं गेल्यावर दर खेपेला पोलच्या टोकावरच्या छोट्या पॉटमधून फक्त १५-२० दाणे. पॉट भरून पोल पुढे सरकवताना टोक किंचित वर आणि हात सारखा चालता हवा, झटका बसला तर अर्धे दाणे वाटेत सांडतात. दाणे पडल्यावर फ्लोट बसायला दहा सेकंद लागतात. बरेच मासे त्या दहा सेकंदांतच लागतात, म्हणून तंगूस ताणून ठेवायचं.

मधेच फ्लोट आडवा झटके देतो, बुडत नाही, आणि उचलल्यावर गळाला खवला लागून येतो. बोटाच्या नखाएवढा, ओला, पारदर्शक. हा खवला म्हणजे गळ माशाच्या तोंडात नाही, अंगावर अडकला होता. मासे तळ सोडून वर आलेत आणि पडणाऱ्या चाऱ्यात घुसळताहेत. इथं हात आपोआप जास्त चारा टाकायला जातो, आणि तीच चूक. चारा निम्मा करायचा, गोळ्या गळाजवळ सरकवायच्या आणि फ्लोट पूर्ण गेल्याशिवाय उचलायचं नाही. पाच-सहा खेपांत मासे पुन्हा तळाला जातात. नाहीच गेले तर उथळ रिग घ्यायची. ६ मिलिमीटरचा कडक दाणा बँडमध्ये, आणि गलोलीने दर मिनिटाला तीन-चार दाणे.

काठाला मी दुपारी दोनच्या आधी हात लावत नाही. जागा सकाळीच मोजलेली असते, लव्हाळ्यांच्या कडेला, ४५ ते ६० सेंटिमीटर खोल, तळ टणक. दोनला मोठा कप भरून मेलेल्या अळ्या आणि मका सोडतो आणि पंधरा मिनिटं तिकडे बघतही नाही. मग पाण्यावर वाटोळी फुगी दिसते किंवा लव्हाळा हलतो. गळावर सहा-सात अळ्यांचा गुच्छ. प्रत्येक माशानंतर पुन्हा कप, कारण मोठा कार्प येतानाच तळ उधळून टाकतो. शेवटचा दीड तास असा गेला तर त्यात आधीच्या साडेचार तासांएवढं वजन भरतं. थंडीत मात्र हे सगळं विसरायचं. पूर्ण सामन्याला पाव लिटर दाणे पुरतात आणि काठाला मासा येत नाही.

चारला शिट्टी झाली की गळावरचा मासा जाळीत घेऊन बाहेर ठेवलेलं सगळं आत घ्यायचं, पण मासे असलेली जाळी वजनकाटा येईपर्यंत पाण्यातच. वजन करणारे जवळ आले की उचलायची, हात ओले करायचे, मासे ओल्या झोळीत सरकवायचे, उंचावरून ओतायचे नाहीत. वजन पौंड-औंसांत लिहिलं जातं, मासे लगेच पाण्यात. मग पोलचे तुकडे एकेक करून ओल्या फडक्याने पुसतो. जोडात राहिलेली वाळू कार्बन खाते आणि पुढच्या सामन्यात जोड निसटतो. उरलेले ओले दाणे तळ्यात ओतत नाही, घरी नेऊन गोठवतो. गाडीत बसायच्या आधी वहीत पेग, खोली, वारा, आणि किती वाजता किती चारा गेला ते लिहून ठेवतो.