व्हिडिओ कॉलवरची चिठ्ठी मेडिकलमध्ये अडू नये म्हणून

आईच्या कायमच्या गोळ्या तीन. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, नाश्त्यानंतर बीपीची टेल्मिसार्टन ४०, आणि दोन्ही जेवणांनंतर शुगरची मेटफॉर्मिन ५००. ती गावी, मी पुण्यात. तालुक्याच्या डॉक्टरांना ती सहा महिन्यांच्या आत एकदा दाखवून येते, मधल्या चिठ्ठ्या आम्ही व्हिडिओ कॉलवर घेतो. कधी तेच डॉक्टर, कधी सरकारी ई-संजीवनी, कधी खासगी ॲप. इतक्या वेळा केल्यावर एक नक्की सांगते: डॉक्टर मिळणं यात अवघड नाही. चिठ्ठी अडते ती मेडिकलच्या काउंटरवर, आणि तिथे अडण्याचं कारण बहुतेक वेळा कॉलच्या आधी किंवा कॉलच्या शेवटच्या मिनिटात राहून गेलेलं असतं.

सहा महिन्यांचा हिशेब मनाचा नाही. २५ मार्च २०२० ला आपल्याकडे टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून दुरून उपचार करण्याची, मार्गदर्शक तत्त्वं आली. त्याच डॉक्टरांनी, त्याच आजारासाठी, सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासलेलं असेल तरच कॉल फॉलोअप धरला जातो. डॉक्टर बदलले किंवा मुदत उलटली की तो पहिलाच कॉल. कोणती औषधं लिहिता येतात हे त्यावरच ठरतं, आणि त्यासाठी या तत्त्वांत ओ, ए, बी अशा औषधांच्या याद्या आहेत. पॅरासिटॅमॉल, ओआरएस यांसारखी साधी औषधं ओ यादीत आहेत, ती नुसत्या फोनवर किंवा मेसेजवरही लिहून देता येतात. ए यादीतली औषधं पहिल्या कॉलला लिहायची तर कॉल व्हिडिओचाच हवा. बीपी-शुगरच्या चालू गोळ्या पुढे चालू ठेवणं यात येतं. बी यादी म्हणजे चालू औषधाला नवी जोड, उदाहरणार्थ मेटफॉर्मिनसोबत सिटाग्लिप्टिन, आणि ती फक्त फॉलोअपमध्ये. म्हणून रेंज जाऊन व्हिडिओ बंद पडला आणि अनोळखी डॉक्टर म्हणाले, "आवाजावर मी बीपीची गोळी लिहू शकत नाही," तर रागवू नका, ते नियमानेच वागतायत. रेंज असलेल्या ओट्यावर जाऊन पुन्हा कॉल लावा.

काही औषधं कुठल्याच कॉलवर मिळत नाहीत. शेड्यूल एक्स, म्हणजे औषध नियमांतल्या कडक नियंत्रणाच्या यादीतली, आणि अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी. झोपेसाठी घेतलेलं अल्प्राझोलम, दुखण्यासाठीचं ट्रामाडॉल ही घरोघरची उदाहरणं. जुनी चिठ्ठी दाखवली तरी चांगले डॉक्टर ती ओळ गाळतात. अशी गोळी संपायला दहा दिवस असतानाच प्रत्यक्ष भेट ठरवा, कारण यातल्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर त्रास होतो.

आता तयारी. मी सगळ्यात जास्त वेळ घालवते तो गोळ्यांच्या पाकिटांवर. मेडिकलवाले सुट्या गोळ्या कापून देतात तेव्हा पाकिटाचा नाव असलेला भाग कधी त्यांच्याकडे राहतो, कधी आपल्याकडे. आईकडे उरलेल्या तुकड्यावर नुसतं "टेल्मि" आणि अर्धी तारीख. इथेच घोळ होतो. नुसतं टेल्मिसार्टन ४० वेगळं, नावापुढे एएम असलेलं वेगळं, त्यात अम्लोडिपिन जोडलेलं असतं, आणि एच असलेल्यात हायड्रोक्लोरोथायझाइड. रंग-आकार सारखे वाटतात, औषध वेगळं असतं. म्हणून नवं पाकीट आलं की पहिली गोळी काढायच्या आधी मागच्या चंदेरी बाजूचा फोटो. पाकीट खिडकीशी थोडं तिरकं धरायचं, म्हणजे चमक अक्षरांवर येत नाही. ब्रँडच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत घटकाचं नाव आणि ताकद असते, ती वाचता आली पाहिजे. थायरॉक्सिनच्या बाटलीचं लेबल गोल असतं, एका फोटोत ते मावत नाही, दोन काढा. "पन्नासची गोळी" असं तोंडी कधीच सांगू नका. त्या औषधात २५, ५०, ७५, ८८, १०० सगळ्या ताकदी मिळतात आणि फोनवर आकडा ऐकण्यात चूक सहज होते.

दुसरी तयारी आकड्यांची. बीपी सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा. आधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसायचं, दंड छातीच्या पातळीवर, आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा मिश्री नाही. एकच आकडा, तोही कॉलच्या वेळी घाईत घेतलेला, डॉक्टरांच्या काही कामाचा नसतो. ते म्हणणार आठवडाभर मोजून पुन्हा या, आणि फेरी फुकट. शुगरसाठी उपाशीपोटीचा आणि जेवणानंतर दोन तासांचा आकडा, शिवाय तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी. थायरॉइडची गोळी बदलली असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी केलेला रिपोर्ट फसवतो. मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन दोन्ही चालू असलेल्यांचं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), पोटॅशियम यांचा रिपोर्ट जुना असेल तर डॉक्टर तेही मागतात, आणि मागायलाच हवं.

रिपोर्ट अपलोड करताना प्रत्येक पानाचा वेगळा फोटो टाकण्यापेक्षा एकच पीडीएफ करा. रुग्णाचं नाव आणि तारीख असलेला वरचा पट्टा कापला जाऊ देऊ नका, नाहीतर तो रिपोर्ट कोणाचाही असू शकतो.

पुण्यात बसून आईच्या वतीने मी एकटीच बोलले तर चालतं का? सहसा नाही. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर तो कॉलवर हवा, किंवा माझ्याकडे त्याचं अधिकारपत्र किंवा नातं सिद्ध करणारा पडताळलेला कागद हवा. आम्ही सरळ मार्ग धरतो: शेजारच्या वहिनी आईच्या हातात फोन धरून देतात, मी दुसरीकडून जोडली जाते. आई स्वतः नाव आणि वय सांगते, पाय सुजलेत का ते कॅमेऱ्यात दाखवते. ज्या घरातली मुलं परदेशात आहेत त्यांनी एक लक्षात ठेवावं. तिकडच्या ओळखीच्या डॉक्टरने लिहिलेली चिठ्ठी इथे चालत नाही, डॉक्टरची नोंदणी भारतातलीच लागते.

ई-संजीवनीवर पैसे लागत नाहीत. मोबाइल नंबर, ओटीपी, रुग्णाची माहिती, राज्य आणि ओपीडी निवडायची, रिपोर्ट जोडायचे, मग रांग. माहिती भरताना नाव आधार कार्डावर आहे तसंच घाला आणि पत्ता पूर्ण लिहा, कारण तीच माहिती चिठ्ठीवर छापून येते. "आई" किंवा "काकू" असं नाव भरलेली चिठ्ठी मेडिकलमध्ये परत येते. कॅमेरा आणि माइकची परवानगी ब्राउझरला आधीच देऊन ठेवा. आपला नंबर आल्यावर ती शोधत बसलं की नंबर जातो.

कॉलमध्ये पहिलं वाक्य कामाचं असू द्या. मी असं म्हणते: "डॉक्टर, वय ६८, बीपी, शुगर, थायरॉइड, औषधं तीन, पाकिटांचे फोटो जोडलेत, सात दिवसांचं बीपी जोडलंय, नवीन तक्रार एक." औषधाची ॲलर्जी असेल तर ती न विचारता सांगा. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी, वैद्यांचा काढा, सगळं सांगा. काही वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो, हे डॉक्टरांना कळलं नाही तर ते बीपीची गोळी वाढवतील.

मग शेवटचं मिनिट. डॉक्टर संगणकावर औषधाची पहिली चार अक्षरं टाइप करतात आणि खाली यादी उघडते. त्या यादीत मेटफॉर्मिन ५०० साधी आणि ५०० एसआर, म्हणजे हळूहळू विरघळणारी, अशा एकाखाली एक असतात. बोट एक ओळ खाली सरकलं की चिठ्ठी बदलली. अशी चूक मी एकदा नाही, दोनदा पकडली आहे, म्हणून कॉल बंद व्हायच्या आधी मी नम्रपणे विचारते, "डॉक्टर, लिहिलेलं एकदा वाचून दाखवाल?" प्रत्येक ओळीत पाच गोष्टी ऐकते: नाव, गोळी की कॅप्सूल, ताकद, दिवसातून कधी, किती दिवस. १-०-१, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, एवढंच लिहून किती दिवस ते राहिलं तर एकूण गोळ्या ठरत नाहीत. मेटफॉर्मिन १-०-१, ३० दिवस म्हणजे ६० गोळ्या, हे चिठ्ठीवरून निघालं पाहिजे, कारण औषध नियमांनुसार चिठ्ठीवर एकूण प्रमाण आणि मात्रा लागते. तीन महिन्यांचं औषध हवं असेल तर तेही डॉक्टरांनीच लिहायला हवं. चिठ्ठीवर तसं म्हटलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध देता येतं. दुसऱ्या महिन्यात तीच पुढे केली आणि मेडिकलवाल्यांनी नाही म्हटलं तर त्यांचंच बरोबर.

आणखी एक विनंती मी दर वेळी करते: औषधाचं मूळ नाव लिहा. ब्रँड लिहिला असेल तर दुकानदाराला त्याऐवजी दुसरा देता येत नाही, नियम तसा आहे. गावात तो ब्रँड नसला की आईची खेप वाया. मूळ नाव असेल तर जे उपलब्ध ते मिळतं आणि जनऔषधी केंद्रातही चिठ्ठी चालते.

पीडीएफ आली की लगेच उघडा, संध्याकाळी नको. डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, पत्ता आणि संपर्क, तारीख, रुग्णाचं नाव, वय, लिंग, पत्ता, निदान किंवा तात्पुरतं निदान, औषधं, सही. निदानाची जागा मोकळी असेल तर परत विचारा. निदानाशिवाय औषध लिहिणं हे डॉक्टरांच्या बाजूने व्यावसायिक गैरवर्तनात मोडतं, आणि जे ॲप दोन प्रश्न विचारून निदान न लिहिताच चिठ्ठी पाठवतं त्याच्या वाटेला मी पुन्हा जात नाही. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या किंवा राष्ट्रीय नोंदवहीच्या संकेतस्थळावर नावासह ताडून पाहायला दोन मिनिटं पुरतात.

सहीबद्दल गैरसमज फार आहे. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा ई-चिठ्ठी, तिन्ही चालतात. डिजिटल सही असलेली पीडीएफ संगणकावर उघडली की कधी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. सही खोटी आहे असा त्याचा अर्थ नाही; त्या संगणकाने सहीचं प्रमाणपत्र ओळखलेलं नाही, एवढंच. पण खाली नुसतं टाइप केलेलं नाव असेल आणि सही कुठलीच नसेल, तर ती मागून घ्या.

मेडिकलमध्ये मूळ पीडीएफ दाखवायची, स्क्रीनशॉट नाही. स्क्रीनशॉटमध्ये वरचा नोंदणी क्रमांक नाहीतर खालची सही हमखास कापली जाते. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी अँटिबायोटिक्स शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद लागणाऱ्या औषधांच्या यादीत, येतात. १ मार्च २०१४ पासून दुकानदाराला त्यांची वेगळी वही ठेवावी लागते, रुग्णाच्या नावासह आणि डॉक्टरांच्या नाव-पत्त्यासह, आणि ती तीन वर्षं जपावी लागते. तिथे "एवढी चौकशी कशाला?" म्हणून हुज्जत घालू नका, विचारलेलं सांगा. चिठ्ठीची तारीखही ते बघतात. २६ मार्च २०२० ला केंद्राने घरपोच औषधांना परवानगी दिली तेव्हा दीर्घ आजाराची चिठ्ठी ३० दिवसांत आणि तात्पुरत्या आजाराची ७ दिवसांत दाखवण्याची अट घातली होती, आणि एच१ औषधं त्यातून वगळली होती. काउंटरवरही मी हाच हिशेब धरते. चिठ्ठी थेट अमुक दुकानाला पाठवतो असं ॲप म्हणालं तर आधी आपली संमती लागते, आणि कुठल्याही दुकानातून घेण्याचा हक्क आपलाच राहतो. पीडीएफ आपल्या हातात मागून घ्या.

छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ जड होणं, दम लागणं यासाठी हा मार्ग नाही. १०८ लावा.

ज्यांच्या घरी स्मार्टफोन हाताळणारं कोणी नाही त्यांनी उपकेंद्रात जावं. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी त्यांच्या संगणकावरून ई-संजीवनीनेच मोठ्या डॉक्टरांशी जोडून देतात. बीपी-शुगर तिथेच मोजतात, केंद्रात असतील त्या गोळ्या मोफत मिळतात. आकडे जाणत्या हाताने घेतलेले असतात, त्यामुळे वयस्कर माणसासाठी मला हा मार्ग घरच्या कॉलपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

औषध दिल्यावर दुकानदाराने चिठ्ठीवर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची असते. मोबाइलवरच्या पीडीएफवर ती कशी टाकणार? म्हणून गावात प्रिंट काढायला सांगते. शिक्का मारलेली ती प्रिंट गोळ्यांच्या डब्यात सगळ्यात वर राहते, आणि तिच्या मागे पेनाने पुढच्या कॉलची तारीख लिहिलेली असते, गोळ्या संपायच्या सात दिवस आधीची.