तोंडाबाहेरची दाढ

वयाच्या एकतिसाव्या वर्षी मला अक्कलदाढ आली. म्हणजे यायला निघाली आणि मध्येच आडवी झाली. जळगावच्या दाताच्या डॉक्टरांनी सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढला, स्क्रीनवर लावला आणि पेनाच्या टोकाने दाखवलं, ही बघा, पुढच्या दाढेला टक्कर देतेय, तुमच्या जबड्यात हिला जागाच नाही. काढावी लागेल, गुरुवारी या. मी म्हटलं जागा नव्हती तर आली कशाला. ते हसले आणि पुढच्या पेशंटला आवाज दिला.

गुरुवारच्या आधी रविवार होता आणि रविवारी मामाच्या मळ्यात भरीत पार्टी होती. गाव चाळीसगाव तालुक्यातलं. हिवाळा, मळा आणि भरीत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर दाढ दुखते म्हणून घरी बसणारा माणूस खान्देशी नाही, त्यामुळे गालाला मफलर गुंडाळून गेलो. आजी खाटेवर बसलेली होती, तिने लांबूनच ओळखलं.

"काय व्हयनं रे भाऊ, तोंड का सुजेल शे?"

"अक्कलदाढ दुखस आजी. आडवी उनी."

"तुनी अक्कल बी आडवीच उनी मंग."

सगळे हसले, मीपण हसलो, अर्ध्या तोंडाने.

दाढ दुखायला लागल्यापासून रात्री झोप येत नव्हती म्हणून मी मोबाईलवर दाढांबद्दलच वाचत होतो, आणि वाचता वाचता कुठल्या कुठे गेलो. आपले, म्हणजे माणसाचे, जे लांबचे चुलत नातेवाईक म्हणता येतील त्यातला एक 1959 साली टांझानियात ओल्डुवाईला सापडला. नवरा तापाने तंबूत पडलेला होता म्हणून जुन्या मानवांचे अवशेष शोधणाऱ्या मेरी लीकी त्या दिवशी एकट्याच फिरायला निघाल्या आणि त्यांना कवटी दिसली, साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची. दाढा एवढ्या मोठ्या की लोकांनी त्याचं नाव 'नटक्रॅकर मॅन' ठेवून दिलं. आता गंमत अशी की पुढे त्याच्या जातभाईंच्या दाढांवरचे ओरखडे आणि दातातलं कार्बन तपासलं तर असं निघालं की हे लोक अक्रोड फोडत बसत नव्हते, गवत आणि लव्हाळ्यासारखंच काहीतरी ढीगभर चावत बसायचे. म्हणजे आपल्या गोठ्यातल्या म्हशीसारखं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.

चिंपांझी आजही दिवसातले सहाएक तास नुसतं चावण्यात घालवतो. आपण तासभरही नाही. मग आपल्याकडे तेवढाच जबडा का राहावा? तो लहान होत गेला, दाढा लहान होत गेल्या, बत्तीसचा आकडा मात्र जुनाच राहिला. शेवटच्या चार येतात तेव्हा बस फुल झालेली असते. काही नशीबवान लोकांना त्या येतच नाहीत. मी नशीबवान नाही.

तिकडे मळ्यात वांग्यांना टोचे मारणं चालू होतं. टोचे मारले नाहीत तर वांगं आगीत फटकन फुटतं आणि गर डोळ्यात उडतो, हे मामाच्या कपाळावरचा डाग बघून घरातल्या सगळ्या पोरांना पाठ आहे. भरताची हिरवी पांढुरकी वांगी, एकेक किलोच्या जवळपास, आणि खाली कपाशीच्या पऱ्हाट्या. गॅसवर भाजलेल्या वांग्याला मामा भरीत म्हणूच देत नाही. पऱ्हाटी भडकन पेटते, ज्वाळा मोठी देते आणि पटकन विझते, मग परत टाका, परत पेटवा, असं करत वांगं बाहेरून कोळसा आणि आतून लोणी होतं. मी तिथे उकिडवा बसून विचार करत होतो की माझ्या जबड्याची जागा गेली ती इथेच गेली असणार. रिचर्ड रँगम नावाचे एक शास्त्रज्ञ आहेत, त्यांचं म्हणणंच असं आहे की माणूस माणूस झाला तो शिजवून खायला लागल्यामुळे. होमो इरेक्टस नावाचा आपला पूर्वज एकोणीसेक लाख वर्षांपूर्वी आला, त्याच्या दाढा आधीच्यांपेक्षा लहान आणि मेंदू मोठा. मेंदू हे महागडं गिऱ्हाईक, वजनाने शरीराच्या दोन टक्के पण खातो वीस टक्के. तो पोसायचा तर चावण्या-पचवण्यातली मेहनत कुठेतरी वाचायला पाहिजे, ती आगीने वाचवली.

ऐकायला एकदम पटतं. पण विरोधक विचारतात, मग राख कुठाय? आगीचा चांगला भक्कम पुरावा मिळतो तो दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत, दहा लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे मध्ये आठ-नऊ लाख वर्षं नुसती रिकामी. हे मी मामेभावाला सांगितलं तर तो म्हणाला, गेल्या रविवारी आपण इथेच भरीत केलं होतं ना, दाखव राख. खरंच काही नव्हतं. पऱ्हाटीची राख ती, सकाळच्या वाऱ्यात निम्मी गेली, उरलेली कोंबड्यांनी उकरली. वंडरवर्कची राख टिकली कारण ती गुहेत तीसेक मीटर आत होती, तिथे वारा पोचत नाही. अर्थात राख उडते म्हणून राख होतीच असं सिद्ध होत नाही हेपण खरं, पण मामेभावाचा मुद्दा मला रँगमसाहेबांपेक्षा जास्त आवडला.

तोच पुढे म्हणाला की तुझं सगळं आफ्रिकेतलंच आहे, आपल्याकडचं काही सांग. मग मी त्याला पाटण्याचं सांगितलं. पाटणादेवीला आम्ही दर वर्षी जातो, भास्कराचार्यांचं नाव ऐकतो, वडापाव खातो आणि परत येतो. त्याच पाटणे गावाजवळ पुरातत्त्वज्ञ स. अ. साळी यांनी 1970 च्या दशकात उत्खनन केलं तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला, सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचा. चाळीसगाव तालुक्यात शहामृग! मामेभाऊ दोन मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, एका अंड्यात किती माणसांची भुर्जी झाली असती रे.

एव्हाना वांगी सोलून बडगीत आली होती. बडगी म्हणजे लाकडाचं होडीसारखं कोरलेलं भांडं, आमच्याकडची आजोबांच्या काळातली आहे, आतून तेल पिऊन काळी पडलेली. त्यात मिरची, लसूण आणि गरम वांगी, मग मामी मुसळीने ठेचायला बसते. आणि खरं सांगायचं तर हे ठेचणं आगीपेक्षा जुनं आहे. दगडाची हत्यारं तीसेक लाख वर्षांपूर्वीपासूनची मिळतात. 2016 साली हार्वर्डच्या दोघांनी लोकांना चक्क बकऱ्याचं कच्चं मटण चावायला दिलं. चावून चावून ते च्युइंगमसारखं तोंडात तसंच. पण तेच दगडाने कापून दिलं की खाता येतं. त्यांनी हिशोब मांडला की जेवणात तिसरा हिस्सा मांस असेल आणि मांस कापून, कंद ठेचून खाल्ले तर चावणं 17 टक्क्यांनी कमी होतं आणि जोर 26 टक्क्यांनी कमी लागतो. म्हणजे ही बडगी एक दाढच आहे, फक्त तोंडाच्या बाहेर आहे आणि मामीच्या हातात आहे.

जॉर्जिया देशात द्मानिसी म्हणून गाव आहे, तिथली एक कवटी मला या सगळ्यात जास्त लक्षात राहिली. सतरा-अठरा लाख वर्षांपूर्वीची, म्हाताऱ्या माणसाची. तोंडात एकच दात उरलेला. बाकीच्या दातांच्या खाचा हाडाने भरून आलेल्या, म्हणजे दात पडल्यानंतरही तो चांगली काही वर्षं जगला. तिथे आगीचा काही पत्ता नाही, दगडाची हत्यारं मात्र आहेत. काही म्हणतात त्याला कोणीतरी सांभाळलं असेल, काही म्हणतात हाडातली मऊ मज्जा, मेंदू असं त्याचं त्याने खाल्लं असेल. माझं मत पहिल्यांच्या बाजूने आहे, पण तेव्हा माझ्यासमोर मामी ठेचत होती, त्यामुळे ते मत निष्पक्ष धरू नका.

कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेल सोडून ताटं आली. सोबत कळण्याची भाकरी. मी भाकरीकडे घाबरून बघत होतो तर आजी म्हणाली, "माले एक बी दात नही, तरी मी खास ना!" आणि बोटांनी भरतात भाकरीचा काला करायला लागली. मामीने न विचारता माझ्या भाकरीच्या कडा मोडून बाजूला काढल्या, मधला मऊ भाग तेवढा ताटात ठेवला, आधी आजीच्या, मग माझ्या. कडा मामेभावाने उचलल्या. तो लहानपणापासून ऊस दातांनी सोलतो, त्याच्या चारही अक्कलदाढा सरळ आल्यात, आणि तो त्या कडा माझ्या कानाजवळ येऊन मुद्दाम कडकड वाजवत खात होता.