म्हशीला शेवटची सुई कोणती दिली?

2024 चा जानेवारी. म्हसळा तालुक्यातल्या एका वाडीवरून वनरक्षकाचा फोन आला. "साहेब, रात्री म्हैस गेली. मालक गिधाडांना द्यायला तयार आहे, टेम्पोपण आलाय. तुम्ही फक्त एकदा बघून हो म्हणा."

आमच्या भागात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं अजून घरटी करतात. त्यांच्यामुळे पक्षीनिरीक्षकांना चिरगावचं नाव तरी ठाऊक असतंच. जानेवारीत घरट्यांत पिल्लं असतात, प्रत्येक घरट्यात एकच, आणि त्या एकाला भरवता भरवता आईबापाचा पिट्टा पडतो. पूर्वी भाकड गुरं रानातच मरायची. आता गोठ्यात गुरंच उरली नाहीत, तर मरणार कुठून? म्हणून मेलेलं जनावर मिळालं की ठरलेल्या माळावर नेऊन टाकतात. हौशी मंडळी दुर्बिणीतून घरटी मोजतात, मी आपला मेलेल्या जनावराच्या नाकातोंडात बघणारा पशुवैद्य.

म्हैस अंगणाच्या कडेला पडली होती. नाकातून, गुदद्वारातून रक्त नव्हतं, म्हणजे काळपुळीची (अँथ्रॅक्सची) शंका मिटली. कास मात्र दगडासारखी, एक सड काळानिळा. मानेवर सुईच्या दोन ताज्या खुणा.

"काका, औषध कोणी दिलं?"

"आला व्हता एक जण. परवा सुई मारलान, काल परत मारलान. मग उठलीच नाय."

"कसली सुई?"

"तापाची."

घोडं इथंच पेंड खातं. तापाची, सुजेची, दुखण्याची सुई म्हणजे नेमकी कोणती? मेलॉक्सिकॅम असेल तर जनावर खुशाल माळावर टाका, गिधाडाला त्याचा त्रास नाही. डायक्लोफेनॅक असेल तर त्याच मांसाने पक्ष्याची मूत्रपिंडं निकामी होतात. युरिक आम्ल रक्तात साठतं आणि गिधाड काही दिवसांत मरतं. अशा पक्ष्याचं शवविच्छेदन मी प्रशिक्षणात पाहिलंय. काळीज आणि यकृत खडूची भुकटी फासल्यासारखं पांढरं. आणि त्यासाठी प्रत्येक जनावरात औषध असावं लागत नाही. शंभरात एखादं असलं तरी गिधाडांच्या संख्येला उतरती कळा लागते, कारण एका मढ्यावर सगळा थवा बसतो. नव्वदच्या दशकापासून पंधरा-वीस वर्षांत देशातली ही गिधाडं शंभरातली नव्याण्णव गेली, ती अशीच.

मालकाला औषधाचं नाव सांगता येईना आणि सुई देणाऱ्याचा फोन लागेना. शेवटी काकूंनी गोठ्यातल्या वाशात खोचलेली बाटली काढून दिली. पोरांच्या हाताला लागू नये म्हणून त्यांनीच ठेवली होती. लेबल शेणाने माखलेलं. थुंकी लावून अंगठ्याने पुसलं तेव्हा अक्षरं दिसली: निमेसुलाइड.

वनरक्षकाचा चेहरा उजळला. "साहेब, यावर कुठं बंदी आहे?"

त्याचा अभ्यास पक्का होता. गुरांसाठी डायक्लोफेनॅक 2006 मध्ये बंद झालं. माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात होत्या, म्हणून 2015 मध्ये त्याही तीन मिलिलिटरवर आणल्या. गुरांसाठीचं किटोप्रोफेन आणि अॅसेक्लोफेनॅकही 2023 मध्ये बंद झालं. निमेसुलाइड तेव्हा राजरोस विकलं जात होतं. पण मेलेल्या गिधाडांच्या शरीरात ते सापडल्याचे आणि शवविच्छेदनात तोच पांढरा थर दिसल्याचे अहवाल मी वाचले होते. कायद्याने चालतं म्हणून गिधाडाला पचतं असं नाही. मी नाही म्हटलं.

तो चिडला, आणि त्याचं चुकत नव्हतं. कितीतरी दिवसांनी चारशे किलोचं जनावर मिळालेलं, वर पिल्लं उपाशी, आणि मी म्हणतोय पुरा. तेवढ्यात काकांचा नातू ओरडला, "आली, आली!" डोंगराच्या धारेवरून तीन गिधाडं घिरट्या घालत खाली येत होती. एरवी ती दिसावीत म्हणून आम्ही तासन् तास माना वर करून बसतो. त्या दिवशी मी आणि वनरक्षक धावत सुटलो, टेम्पोतली ताडपत्री ओढून म्हशीवर टाकली, चारी कोपऱ्यांवर जांभ्याचे चिरे ठेवले. पोरांना थाळ्या वाजवायला बसवलं. गिधाडं हाकलण्यासाठी थाळ्या वाजवणारा वनखात्याचा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

खड्डा ही वेगळीच कथा. कोकणात मातीचा थर तो केवढा, खाली लगेच कातळ. पहार लागली की ठिणगी उडायची. जेसीबी त्या पाणंदीतून येईना. शेवटी भाताच्या खाचराच्या बांधाजवळ जरा खोल माती लागली, तिथं वाडीतल्या माणसांनी दुपार टळेपर्यंत खणलं. वर कुत्र्यांनी उकरू नये म्हणून चुना आणि काट्या. मजुरी वनरक्षकाने स्वतःच्या खिशातून दिली आणि माझ्याशी संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलला नाही.

निघताना मी काकांना मेलॉक्सिकॅमचं नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आणि सांगितलं, पुढच्या वेळी आधी मला फोन. काकूंनी कागद त्याच वाशात खोचला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस केंद्र सरकारने जनावरांसाठीच्या निमेसुलाइडवर बंदी घातली. वनरक्षकाने बातमी व्हॉट्सॲपवर पाठवली, खाली लिहिलं होतं, "साहेब, खड्ड्याचे पैसे वसूल."

मी कळवलं, जुना माल दुकानांतून संपेपर्यंत ताडपत्री टेम्पोतच राहू दे.