पेटंटचे पैसे किती मिळतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: जवळजवळ काहीच नाही. मी रोगनिदानाची किट बनवणाऱ्या कंपनीत संशोधक आहे. पेटंटचा अर्ज दाखल झाला की कंपनी छोटंसं बक्षीस देते, पेटंट मंजूर झालं की आणखी थोडं. त्यात लेकीची एका सहामाहीची फी निघते. रॉयल्टी येत नाही. कागदावर संशोधक म्हणून माझं नाव आणि मालक म्हणून कंपनीचं. नोकरीला लागतानाच तसं लिहून दिलेलं असतं, या धंद्यातल्या बहुतेक सगळ्यांनीच.

यावर समोरच्याला माझी कीव येते, म्हणून मी कॅरी मलिस या अमेरिकी शास्त्रज्ञाचं उदाहरण देते. १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीत नोकरीला असताना त्याला पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायचं तंत्र, सुचलं. कोविडमध्ये नाकात काडी घालून जी तपासणी झाली, तिच्या मुळाशी तेच तंत्र. कंपनीने त्याला १०,००० डॉलर बोनस दिला आणि पुढे पीसीआरचे हक्क ३० कोटी डॉलरला हॉफमन-ला रोशला विकले. १९९३ चं नोबेल मात्र मलिसला मिळालं. ऐकणारे सगळे मलिसच्या बाजूचे होतात. मी होत नाही. त्याला सुचलेलं भरवशाने चालवून दाखवलं ते सीटसमधल्या त्याच्या सहकाऱ्यांनी, आणि त्यांची नावं लग्नाच्या पंगतीत कुणी काढत नाही.

माझी जात त्या सहकाऱ्यांची. कोल्हापूरला एम.एस्सी. करून गोव्यात वेर्ण्याला आले ती रॅपिड टेस्ट बनवायला. निदानाच्या किटचं गोव्यात मोठं काम चालतं, हे आपल्याकडे फारसं माहीत नसतं. ट्यूलिप इथलीच, आणि क्षयरोगाच्या तपासणीसाठी वापरलं जाणारं ट्रूनॅट बनवणारी मोलबायोही इथलीच. मी हिवतापाच्या किटवर काम करते. बोटातून थेंबभर रक्त काढायचं, पट्टीवर सोडायचं, वर बफर, म्हणजे रक्त पुढे वाहून नेणारा द्रव. रक्त नायट्रोसेल्युलोजच्या पडद्यातून पुढे सरकतं, वाटेत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेल्या अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला नेमकी चिकटणारी प्रथिनं, उचलतं, आणि रक्तात परजीवीचं प्रथिन असलं तर ठरलेल्या जागी तांबूस रेघ उमटते. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ. रेघ तांबूस दिसते ती सोन्यामुळेच, एवढ्या बारीक कणांचं सोनं पिवळं दिसत नाही.

आता यात पेटंट कशाचं? आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ म्हणतं की माणसाच्या रोगनिदानाच्या पद्धतीवर पेटंट मिळणार नाही. त्यामुळे ‘हिवताप असा ओळखावा’ यावर हक्क सांगता येत नाही. पट्टीची रचना, बफरमधलं मिश्रण, अँटिबॉडी सुकवून टिकवायची तऱ्हा, यावर सांगता येतो. अर्ज लिहिणाऱ्या पेटंट एजंटबरोबर बसून दाव्याचं एकेक वाक्य इतकं रुंद करायचं की शेजारचा आत शिरू नये, आणि इतकं अरुंद की पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाने ‘हे आधीच माहीत होतं’ म्हणून जुना कागद काढून दाखवू नये. मला हे काम आवडतं. वीस वर्षांचं कुंपण शब्दांनी घालायचं असतं. विद्यार्थ्यांना एकच सांगते: परिषदेत पोस्टर लावायची घाई नको, जगजाहीर झालेलं नवं ठरत नाही; आधी अर्ज, मग पेपर.

कायदा असंही सांगतो की तुम्हाला ठाऊक असलेली सर्वांत चांगली कृती अर्जात लिहायलाच हवी. आम्ही लिहितो. पण अर्ज करताना ठाऊक असते ती प्रयोगशाळेतली कृती. किटचं खरं शिक्षण पुढे, कारखान्यात होतं. गोव्याच्या जुलैत हवेतला ओलावा नव्वद टक्क्यांवर जातो आणि पडदा ओलावा धरतो, मग रक्त कधी धावतं, कधी रेंगाळतं. पट्ट्या कापायची नि जुळवायची खोली कोरडी ठेवावी लागते, पाकिटात सिलिका जेलची पुडी लागते. पडद्याचा नवा लॉट आला की तोच पुरवठादार, तोच नंबर, तरी रेघ फिकी. अँटिबॉडी साखरेत सुकवायची, पण कोणत्या साखरेत, किती, याचं उत्तर कारखान्याच्या फाइलीत हळूहळू साठतं. त्यावर पेटंट घेत नाहीत, ते गुपित म्हणून ठेवतात.

आणि हे सगळं कशासाठी? गडचिरोलीत एप्रिल-मे महिन्यात आशाताईच्या पिशवीत तो डबा फिरतो. तिथे फ्रीज नाही. डब्यावर ‘४० अंशांपर्यंत चालेल’ असं छापायचं असेल, तर त्याहून जास्त उष्णतेत महिनोन्‌महिने ठेवून, अधूनमधून काढून रेघ तपासावी लागते. आणखी एक भानगड. हिवतापाचा घातक प्रकार ज्याने होतो त्या फाल्सिपेरम परजीवीचं एचआरपी-२ हे प्रथिन औषध घेतल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. माणूस बरा झालेला, आणि पट्टी म्हणते ताप आहे. एलडीएच हे दुसरं प्रथिन परजीवी मेला की लवकर ओसरतं, पण त्याची रेघ उठवायला घाम फुटतो. माझी नोकरी बहुतेक या दोन प्रथिनांच्या मधेच गेली.

गंमत अशी की माझ्या प्रत्येक किटमध्ये ज्या मोनोक्लोनल, म्हणजे सगळ्या एकसारख्या, अँटिबॉडी आहेत, त्या बनवायचं तंत्र केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली जगापुढे मांडलं, आणि त्यावर पेटंट घेतलंच गेलं नाही. म्हणून मग काही जण विचारतात, तुम्ही तरी कशाला घेता? आम्ही घेतलं नाही तर उद्या कुणीतरी तीच पट्टी स्वतःच्या नावावर करून आमच्याच मालावर नोटीस धाडेल. मोठेपणा परवडायला आमच्या सरकारी टेंडरचे दर फार खाली आहेत.

सध्या एका अर्जावर परीक्षकाचे आक्षेप आलेत. त्याचं म्हणणं, दोन जुनी परदेशी पेटंटं शेजारी ठेवली की आमची युक्ती या क्षेत्रातल्या कुणालाही सहज सुचली असती. उत्तर द्यायला सहा महिने असतात. एजंटाला उन्हाळ्यातली आकडेवारी हवी आहे, त्या दोन्ही जुन्या कृतींनी केलेल्या पट्ट्या आमच्या पट्ट्यांबरोबर ४५ अंशांना ठेवल्या होत्या त्याची. ती काढून देतेय.