हरिहर, निरगुडपाड्याकडून: गडाच्या आधी शेत लागतं

मागच्या रविवारी आम्ही पाच जण हरिहर गड करून आलो. कातळात कोरलेल्या पायऱ्या, हाताने धरायच्या खोबण्या, वर मारुती आणि तळं, सगळं भारीच आहे, पण त्याचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. मला लिहायचंय ते पायथ्याच्या पहिल्या अर्ध्या तासाबद्दल.

नाशिकहून साडेचारला निघालो, त्र्यंबक करून पुढे खोडाळ्याच्या रस्त्याने निरगुडपाडा. गाडी एका घराच्या अंगणात विचारून लावली, येताना खायला पिठलं-भाकरी सांगून ठेवली (हे सकाळीच सांगा, ऐनवेळी त्यांची धावपळ होते). सुरुवातीला दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, वर उतारावर नागली (नाचणी). मळलेल्या वाटेवर घोटाभर चिखल होता म्हणून आम्ही बाजूच्या बांधावर चढलो, कारण पिकात पाय नको, बांधावरून चला असंच तर आपण ऐकत आलोय. पण भाताचा बांध म्हणजे पाणी अडवायला घातलेली माती, पावसात ती लोण्यासारखी मऊ होते. मित्राचा पाय घसरला आणि बांधाचा हातभर तुकडाच खाली गेला, वरच्या खाचरातलं पाणी धो धो खालच्यात.

एक म्हातारे बाबा फावडं घेऊन आले. चिडले नाहीत. म्हणाले, "पोरांनो, वाटेनं जायला कोण नाही म्हणतं? पण पाणी गेलं की टाकलेलं खतबी जातं." मग आम्ही दगड आणून दिले, त्यांनी चिखल लिंपला, अर्धा तास गेला. सुट्टीच्या दिवसांनंतर सोमवारी त्यांना अशी दोन-तीन ठिकाणं सापडतातच म्हणे, हे ऐकून खरंच लाज वाटली.

परत आल्यावर महसूलचं काम करणाऱ्या एका मित्राला विचारलं. जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ मध्ये बांधावरून रस्ता मिळतो, पण तो शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जायला, ट्रेकरला नाही. गावनकाशावर रस्ता असेल तर गोष्ट वेगळी, बाकी सातबारा ज्याचा त्याची जमीन, आपण जातो ते त्याच्या भल्या मनावर. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने लोकांना खाजगी जमिनीवरून फिरायचा हक्क आहे, पण उभ्या पिकाचं शेत तिथेही त्यातून वगळलंय.

तर जाणाऱ्यांनी बूट चिखलात घालायची तयारी ठेवूनच या आणि मळलेली वाट सोडू नका, एका मागे एक चला. कुंपणाचं फाटक उघडलं तर परत लावा, गुरं आत शिरली तर एका सकाळीत पीक संपतं. दिवाळीनंतर कापणी झालेली असली तरी गवत वाळलेलं असतं, सिगारेट-शेकोटी अजिबात नको. ड्रोन, स्पीकर घरीच ठेवा. मोठा ग्रुप असेल तर आधी पाड्यावर कुणाला तरी विचारा, वाट दाखवायला गावातलाच माणूस घ्या आणि त्याच्याशी पैशाची घासाघीस करू नका. पावसाळ्यात शनिवार-रविवारी पायऱ्यांवर तासन्‌तास लाईन लागते आणि वनखातं कधी कधी प्रवेश बंदही करतं, म्हणून चौकशी करून निघा, जमलं तर मधल्या वारी जा.

उतरताना त्या बांधापाशी मुद्दाम थांबलो. पाणी धरून होता.