तुम्ही विचारलंत म्हणून: प्लास्टिक कमी करणं खिशाला परवडतं का?

"प्लास्टिक कमी करणं म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, आपल्याला कसं परवडणार?" भिशीत, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात कुणी ना कुणी मला हे विचारतंच. त्यात विचारणाऱ्याची काही चूक नाही. पर्यावरणाच्या नावाखाली दुकानात काय मांडलेलं असतं? बांबूचे ब्रश, लाकडी झाकणाच्या काचेच्या बरण्या, पानाचं चित्र छापलेली तीनशे रुपयांची पिशवी. त्यातलं काही घ्यायचं नाही, हीच पहिली बचत. आणि घरातले प्लास्टिकचे डबेही टाकायचे नाहीत. श्रीखंडाच्या डब्याचे पैसे केव्हाच देऊन झालेत. तडा जाईपर्यंत त्यात रवा-साबुदाणा राहू द्या.

सुरुवात सुक्या कचऱ्याच्या बादलीपासून करा. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरी कचरा गोळा करते. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना विचारलं, यातलं विकलं काय जातं? दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या आणि शाम्पूच्या बाटल्या भंगारात जातात. वेफर्स-कुरकुऱ्यांची चकचकीत पाकिटं कुणी घेत नाही. त्यात प्लास्टिकचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. म्हणून कात्री आधी तिथे लावा. फरसाणवाल्याकडे डबा घेऊन गेलं की पाव किलो शेव सुटी मिळते. पाकिटातल्या हवेचे पैसेही वाचतात.

दुधाची पिशवी बंद करा असं मी कधीच सांगत नाही. गवळ्याचं दूध किटलीत घेता आलं तर उत्तमच, पण शहरात ते बहुधा महाग पडतं आणि भरवशाचा गवळी मिळायला नशीब लागतं. पिशवी कापता कशी, ते मात्र बघा. कोपरा पुरता कापून काढला की नखाएवढा तुकडा सुटतो. तो कुणी वेचत नाही. झाडूबरोबर गटारात जातो. जरासा जोडलेला राहील एवढाच कोपरा कापा. रिकामी पिशवी थोड्या पाण्यात विसळून ते पाणी कणकेत घाला आणि पिशवी ओट्यामागच्या टाइलवर चिकटवून द्या. वाळली की आपोआप गळून पडते. महिन्याचा गठ्ठा भंगारवाल्याला दिला तर चार पैसे येतात, ताईंना दिला तर ते त्यांना मिळतात.

कॅरीबॅगची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. २३ मार्च २०१८ ला राज्याने बंदीची अधिसूचना काढली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड ठेवला. थोडे दिवस मंडईत कापडी पिशव्या दिसल्या, मग भाजीवाल्याच्या गोणपाटाखालून पातळ पिशव्या पुन्हा डोकं वर काढू लागल्या. गिऱ्हाईक पिशवी मागतं आणि नाही म्हटलं तर पुढच्या गाड्यावर जातं, तो तरी काय करणार? कापड प्रत्येक घरात पडून असतं. विरलेल्या चादरीच्या पिशव्या जाड सामानाला, जुन्या धोतराच्या पालेभाजीला. मेथी-कोथिंबीर निवडून ओलसर फडक्यात गुंडाळली की फ्रिजमध्ये चांगली टिकते. खरी अडचण पिशवी जागेवर नसण्याची. एक स्कूटरच्या डिकीत, एक दाराच्या खुंटीला, एक नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेत. (ही शेवटची महत्त्वाची. नाहीतर प्लास्टिक कमी करणं हे बाईच्याच डोक्यावरचं आणखी एक काम होऊन बसतं.) कापडाच्या दुकानात मिळते ती कापडासारखी दिसणारी पिशवी बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. एक धागा उदबत्तीला लावून पाहा. कापूस जळून राख होतो, हा वितळून गोळा होतो.

वाण्याकडे डबे नेताना आधी रिकाम्या डब्याचं वजन करून काटा शून्यावर आणायला सांगा, यात लाजायचं काही नाही. सुटी डाळ ब्रँडच्या पाकिटापेक्षा बहुधा स्वस्तच पडते. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरून ठेवणं ज्यांना जमतं त्यांनी जरूर भरावेत, जरी हल्ली पोतंही प्लास्टिकच्या विणीचंच येतं. पुड्या बांधायला वर्तमानपत्र मात्र नको. छपाईची शाई खाण्यात उतरते, विशेषतः तेलकट आणि गरम पदार्थांत. रद्दी कचऱ्याच्या बादलीच्या तळाशी घाला, म्हणजे काळ्या पिशव्या विकत आणायला नकोत. भांडी घासायला वेलावर वाळलेलं घोसाळं सोलून, बिया झटकून घ्या, नाहीतर नारळाचा काथ्या आहेच.

एका ठिकाणी माझंही गणित जुळत नाही. ते म्हणजे शाम्पूचं पाऊच. बाटली घ्या, प्लास्टिक कमी होईल, असं सांगणं सोपं आहे. पण आपल्याकडे कित्येकदा तेवढाच शाम्पू पाऊचमध्ये बाटलीपेक्षा स्वस्त मिळतो. शिवाय रोजच्या मजुरीवर ज्यांचं घर चालतं, त्यांनी महिन्याभराचा शाम्पू एकदम कशातून घ्यायचा? आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी हे ज्ञान कधी देत नाही. ते पाऊच परत घेण्याची जबाबदारी ते बनवणाऱ्यांची, आणि त्यांना ती पाळायला लावणं सरकारचं काम. आम्ही घरी शिकेकाई आणतो, तीही सुटी. लेकीला मात्र तिचा वास आवडत नाही, त्यामुळे बाथरूमच्या खिडकीत पाऊचची माळ अजून लटकतेच आहे.