कॅनव्हास प्रिंट, फेरीतलं टेबल आणि एका आजीची बांव (विहीर)

मी काढलेल्या, गोव्यातल्या मोरजीच्या सूर्यास्ताच्या फोटोचे विकायला छापलेले चार कॅनव्हास अजून माझ्या कपाटावर पडून आहेत. पहिल्या वर्षी मोठ्या हौसेने 20 बाय 30 इंचांमध्ये करून घेतले होते, सगळे म्हणाले टुरिस्ट बघता बघता उचलतील, आणि टुरिस्टांनी बघितले, छान छान म्हटलं आणि पुढे गेले, कारण तसाच सूर्यास्त प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आदल्याच संध्याकाळी आलेला असतो. आणि पावसात काढलेलं एक तुळशी वृंदावन, शेवाळ धरलेलं, मागे ओल्या चिऱ्यांची भिंत, जे मी टेबलावर जागा उरली म्हणून 8 बाय 12 मध्ये करून नेलं होतं, ते पहिल्याच दिवशी गेलं. घेणारी बाई डिचोलीची, लग्न होऊन पुण्याला गेलेली. किंमत विचारायच्या आधी तिने विचारलं, हे कुठल्या गावातलं?

हा प्रश्न मी आता पाच सीझन ऐकतेय. कोणी नवीन मुलं विचारतात ताई कुठला कॅमेरा घेऊ, कुठे प्रिंट करू, तर मी त्यांना आधी सांगते की दोन दिवस कुठेतरी टेबल मांडून उभे राहा आणि लोक कुठल्या फोटोपाशी थांबतात ते बघा. ऑनलाइन नुसतं लाइक कळतं. टेबलापाशी माणूस थांबतो, बोट लावून बघतो, बाजूच्याला कोपर मारून काहीतरी सांगतो, आणि ते जे सांगतो ना त्यातून पुढचा फोटो कुठला काढायचा ते कळतं. चोडण बेटाच्या जुन्या फेरीबोटीचा फोटो मी काढला तेव्हा मला तो साधाच वाटला होता, धुक्यात उघडा रॅम्प आणि त्यावर दोन स्कूटर. 2025 मध्ये रायबंदर-चोडण मार्गावर रो-रो म्हणजे नव्या मोठ्या फेरीबोटी आल्या आणि लोक त्या जुन्या फेरीबोटीच्या फोटोपुढे उभे राहून मुलांना सांगायला लागले की आम्ही हिच्यातून कॉलेजला जायचो. आता तोच सगळ्यात जास्त जातो. दुसरा नंबर माटोळीचा. चवथीची म्हणजे गणेश चतुर्थीची माटोळी, गणपतीच्या वर टांगतात ती, नारळ, सुपाऱ्यांचे घोस, रानातली ती सगळी फळं, खालून वर बघून काढलेली, हा फोटो गोव्याबाहेर राहणारे गोयकार घेतात आणि घेताना त्यातल्या फळांची नावं मला म्हणून दाखवतात.

पण सगळ्या फेऱ्या, म्हणजे जत्रेतले-उत्सवातले बाजार, सारख्या नसतात हे मात्र पैसे घालवूनच कळलं. देवळाच्या जत्रेला लोक देवाला येतात आणि जाताना खाजे, म्हणजे जत्रेतली गोड मिठाई, नेतात. तिथे मी एकदा बसले, बाजूचा खाजेवाला रात्री एक वाजेपर्यंत वजन करत होता आणि माझ्याकडे लोक नुसते बघून जात होते, त्यात त्यांची काही चूक नाही, जत्रेला कोणी भिंतीचं माप घेऊन येत नाही. ओल्ड गोव्याला 3 डिसेंबरच्या सेंट झेवियरच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, पण तेच. पणजीत कांपालला जानेवारीत लोकोत्सव भरतो तिथली गर्दी वेगळी, लोक फर्निचर, गालिचे, मातीची भांडी असं घरासाठी काहीतरी घ्यायच्या तयारीनेच येतात, तिथे फिरून मी नुसतं बघितलं की माणूस वस्तू हातात कशी धरतो आणि परत कधी ठेवतो. डिसेंबरात सेरेंडिपिटी कलामहोत्सवाच्या दिवसांत पणजीत चित्रं बघायची सवय असलेले लोक बाहेरून येतात, त्यांना दोन वाक्यांत गोष्ट सांगितली की पुरते. आणि हणजुणच्या (अंजुनाच्या) बुधवारच्या बाजारात येतो तो टुरिस्ट, त्याच्या डोक्यात सगळ्यात आधी येते बॅग. विमानातली केबिन बॅग साधारण 55 बाय 35 बाय 25 सेंटिमीटर, 12 बाय 18 इंचाचा कॅनव्हास होतो 30 बाय 46, म्हणजे तो आरामात आत बसतो. मी एक रिकामी बॅग टेबलाखाली ठेवते आणि गिऱ्हाइकासमोर कॅनव्हास त्यात घालून दाखवते, आणि खरं सांगते, त्या एका गोष्टीने जेवढी विक्री वाढली तेवढी डिस्काउंटच्या पाटीने कधी वाढली नाही.

आता प्रिंटचं. इथे थोडं सविस्तर सांगते कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालं.

कॅनव्हास म्हणजे पोस्टर नाही, तो लाकडी चौकटीवर ताणून मागे स्टेपल मारतात, त्यामुळे फोटोची कड चौकटीच्या जाडीवर वळते. चौकट दीड इंच जाड असली तर दीड इंच बाजूला आणि अर्धा इंच मागे पकडायला, म्हणजे चारही बाजूंनी 2-2 इंच जास्त फोटो लागतो. 16 बाय 24 चा कॅनव्हास करायचा तर प्रिंट निघते 20 बाय 28 ची. प्रिंटवाला स्क्वेअर फुटाने पैसे लावतो, समोरून दिसतो पावणेतीन फुटांपेक्षा थोडा कमी आणि पैसे जातात जवळजवळ चार फुटांचे, आणि साइझ जेवढा लहान तेवढा हा फरक जास्त लागतो. मी पहिल्या वर्षी किंमत ठरवताना हे धरलंच नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे फोटो काढताना पण धरलं नव्हतं, फेरीबोटीचा रॅम्प मी अगदी कडेला आणून फ्रेम केली होती, दिसायला सुंदर, आणि कॅनव्हास ताणून आला तर रॅम्प बाजूच्या जाडीवर गेलेला आणि समोर नुसतं पाणी. सहा नग तसे झाले. तेव्हापासून फोटो काढताना चारही बाजूंनी मोकळी जागा सोडते, आणि जुन्या फोटोला सोडलेली नसली तर प्रिंटवाल्याला सांगते की कडा मिरर कर, म्हणजे कडेचाच भाग उलटा होऊन बाजूला येतो आणि समोरचं काही कापलं जात नाही.

मेगापिक्सेलची भीती मात्र घेऊ नका. कॅनव्हासला स्वतःचं विणकाम असतं, कागदासारखा बारीक तपशील त्यावर दिसतच नाही, इंचाला 150 पिक्सेल मिळाले तर उत्तम आणि मोठा कॅनव्हास लांबून बघायचा असेल तर 100 ला पण चालून जातं. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो 6000 बाय 4000 असतो, त्यात 24 बाय 36 आरामात निघतो. मोबाइलच्या 12 मेगापिक्सेलमध्ये पण 16 बाय 24 निघतो, फक्त मोबाइलचा फोटो 4 बाय 3 च्या आकाराचा असतो आणि 16 बाय 24 हा 3 बाय 2 चा, म्हणजे वरून-खालून थोडं कापावं लागतं ते आधी स्वतः कापून बघा, प्रिंटवाल्यावर सोडू नका. आणि हात जोडून सांगते, फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर साधी फोटो म्हणून पाठवू नका, ते तिला दाबून बारीक करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर ड्राइव्हची लिंक द्या.

काळोखी प्रिंट हा दुसरा त्रास. स्क्रीन मागून उजेड देते आणि कॅनव्हास देत नाही, त्यामुळे फुल ब्राइटनेसवर एडिट केलेला फोटो छापून आला की विझलेला वाटतो. पावसाळी फोटोंना तर फारच, आपल्याला हिरवा दिसलेला भाग काळपट होऊन येतो. मी आता ब्राइटनेस निम्म्यावर आणून एडिट करते, आणि मोठी ऑर्डर द्यायच्या आधी त्याच कॅनव्हासवर एक हातभर पट्टी छापून घेते, त्यात तीन-चार फोटोंचे काळोखातले तुकडे. ती पट्टी घरात खिडकीपाशी, ट्यूबखाली आणि पिवळ्या बल्बखाली धरून बघायची. पहिले माझे कॅनव्हास एका फ्लेक्स करणाऱ्याकडे स्वस्तात झाले होते, पंधरा दिवस वास जाईना आणि कोपऱ्यात जिथे घडी पडते तिथे रंगाला भेगा. आता पिगमेंट शाई आणि 350 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचा कॉटन-पॉली कॅनव्हास, वरून वार्निशचा हात, याच्या खाली मी जात नाही, नफा कमी झाला तरी चालेल. लोक हे दहा-पंधरा वर्षांसाठी भिंतीवर लावतात.

आणि आपला पाऊस! एका जूनमध्ये मी उरलेले अकरा कॅनव्हास मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवले आणि चवथीच्या साफसफाईला काढले तर मागच्या बाजूला सगळी बुरशी, पांढरी-करडी ठिपके ठिपके, आणि ओल्या लाकडाच्या चौकटी पिळून गेलेल्या, टेबलावर ठेवल्या तर एक कोपरा वर. दोन दिवस मी त्या खोलीत गेलेच नाही. आता मे संपायच्या आत, म्हणजे घरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, भरणी चालू असते तेव्हाच, उरलेला माल चौकटीवरून काढून गुंडाळून ठेवते, सिलिका जेलच्या पुड्या घालून, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीपासून लांब. गुंडाळताना छापलेली बाजू बाहेर ठेवायची, आत ठेवली तर रंग दाबला जाऊन चुरगळतो. चौकटीचं लाकूड नीट वाळलेलं आहे का ते सुताराला दोनदा विचारायचं, तो वैतागला तरी.

फेरीत उभं राहायचं तर वाऱ्याची पण तयारी हवी. मांडवीच्या काठाला चार वाजले की वारा उठतो आणि कॅनव्हास म्हणजे शीडच, माझं अख्खं पॅनेल एकदा बाजूच्या मेणबत्त्यांच्या टेबलावर गेलं होतं, त्या बाईने एक शब्द न बोलता मला उचलायला मदत केली आणि फुटलेल्या दोन मेणबत्त्यांचे पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून पायाला वाळूच्या पिशव्या आणि प्रत्येक कॅनव्हासला दोन केबल टाय. बल्ब पिवळे लावू नका, निळं सगळं मळकट दिसतं. आणि किंमत प्रत्येकावर लिहा, आपल्या लोकांना विचारायला संकोच वाटतो.

माणसांचे फोटो हा माझ्या मनात फार नाजूक विषय आहे. म्हापशाच्या बाजारातल्या एका नुस्तेकान्नीचा, म्हणजे मासे विकणाऱ्या बाईचा, फोटो माझ्याकडे आहे, सकाळच्या तिरप्या उन्हात, तिच्या हातात इसवण (सुरमई), माझ्या सगळ्यात चांगल्या फोटोंपैकी एक. मी प्रिंट करायच्या आधी तिला दाखवला. ती म्हणाली माझं तोंड लोकांच्या हॉलमध्ये कशाला. संपलं, तो फोटो विकायचा नाही. आमच्या गावच्या पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, मात्र हो म्हटलं, त्याला एक कॅनव्हास करून दिला, तो त्याने भट्टीजवळ लावलाय, धूर बसतो म्हणून दर वर्षी नवा करून देते. पणजीच्या जुन्या फोंतेंयस वाड्यात घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या लागल्यात त्या लोकांनी उगाच लावलेल्या नाहीत, कोणीतरी रोज सकाळी आपल्या दारात उभं राहून पोझ देत असेल तर आपल्याला पण नकोसं होईल.

ऑनलाइनचा खरा प्रश्न फोटो नाही, कुरिअर आहे. कुरिअरवाला वजन दोन प्रकारे बघतो, काट्यावरचं आणि आकारावरून काढलेलं, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये आणि भागिले 5000, जे जास्त ते लावतो. 24 बाय 36 चा चौकटीसकट कॅनव्हास पॅक केला की 100 बाय 70 बाय 8 होतो, म्हणजे 11 किलोच्या वर, आणि प्रत्यक्षात वजन तीन किलो पण नसतं. म्हणून मोठे साइझ मी ट्यूबमध्ये गुंडाळून पाठवते आणि तिथल्या फ्रेमवाल्याकडून ताणून घ्यायला सांगते, सोबत कागदावर चित्र काढून देते की घडी कुठे मारायची. जीएसटीचं म्हणाल तर 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्याला नोंदणी नसताना पण ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर माल विकता येतो, पण आपल्याच राज्याच्या आत, आणि माझी गिऱ्हाइकं सगळी मुंबई-पुण्याची, म्हणून मी नोंदणी करून टाकली. साइझचा अंदाज लोकांना स्क्रीनवर येत नाही, मी सांगते वर्तमानपत्राची पानं त्या मापाची जोडून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस तशीच राहू द्या, मग ऑर्डर द्या. त्यातले बरेच जण आधी ठरवलेल्यापेक्षा मोठा साइझ घेतात.

आजीचं सांगायचं राहिलं. मागच्या डिसेंबरात टेबलापाशी मुलासोबत आल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, दादरला राहतात. वृंदावनाच्या कॅनव्हासवरून बोट फिरवत राहिल्या, शेवाळावरून, आणि मग विचारलं, “हें खंयचें गो बाय?”, हे कुठलं गं? मी गाव सांगितलं. म्हणाल्या आमचं त्याच्याच पलीकडे, घर बंद आहे, तू तिथलं काढशील का? मी श्रावणात गेले. कौलं एका बाजूने बसलेली, आंगणात गुडघाभर गवत, वृंदावन मात्र उभं, आणि डाव्या बाजूला बांव, रहाटाचे दोन खांब अजून होते. ते सगळं एका फ्रेममध्ये यायला मला कुंपणाला पाठ लावावी लागली. 20 बाय 30, ट्यूबमधून पाठवला, घडीचा कागद घालून.

आठ दिवसांनी त्यांचा फोन. तिथल्या फ्रेमवाल्याने घडी आत घेतली होती, चांगली दोन इंच, आणि बांव गेली बाजूच्या जाडीवर. मी म्हटलं आजी मी दुसरा पाठवते, पैसे नकोत. तर म्हणाल्या, नको गो, मी तो पॅसेजच्या भिंतीवर लावून घेतलाय, दारातून आत आलं की आधी बाजूच दिसते, बांव, आणि मग चार पावलं पुढे गेलं की आंगण. आमच्या घरी पण तसंच होतं.